लिफ्टर

फैजपूरला कॉलेजच्या मागे, पाण्याच्या टाकीखाली
आता रबरी मैदान झालंय, निळं-केशरी.
फक्की मारावी लागत नाही, पाणी शिंपडावं लागत नाही.
मी मात्र चारला येऊन सायकल लावतो
टाकीच्या त्याच खांबाला.

नवा कोच पोरांना सांगतो: पसरा.
या रेषेपासून त्या रेषेपर्यंत जाळी ताणून वापरा,
मागच्या ओळीतूनही उडा,
बॉल कुणाकडे जाणार ते समोरच्याला कळता कामा नये.
सगळा खेळ एका पोराच्या दहा बोटांवर,
जो स्वतः सहसा मारत नाही.
त्याला सेटर म्हणतात. आमच्या वेळी लिफ्टर म्हणायचे.

मग मी जुन्या एकेकाला
मनातल्या मनात तिथे उभा करून बघतो.

सुपडू भिरूड, एकाहत्तरची टीम.
देवळाच्या कळसाएवढा बॉल द्यायचा,
तो खाली येईस्तोवर मारणाऱ्याने
कपाळ पुसावं, चड्डीची नाडी आवळावी, मग धावावं.
देखणा बॉल. लोक मान वर करून बघत राहायचे.
आज तेवढ्या वेळात तिघं जाळीवर भिंत बांधतील.
सुपडूभाऊ, बसा.

गुलशेर तडवी, पालचा.
डोंगरातून यायचा, एसटी चुकली की दुधाच्या गाडीवर.
सुट्टीत सावद्याला वॅगनीत केळीचे घड भरायचा,
म्हणायचा, घड ज्याला द्यायचा त्याच्याकडे बघू नये,
तो हात पुढे करतोच.
तसंच खेळायचा. डोळे डावीकडे, बॉल उजवीकडे.
हा चालेल.
पण पोट होतं, धावायचा नाही.
"पास नीट द्या, मी इथेच आहे."
आता पास नीट येतो कुठे?

शहाऐंशीची इंदुबाला फिरके.
डावखुरी. तेरा-तेरावर गेम असताना
शांतपणे वेणी पाठीवर टाकायची
आणि दोन बोटांनी बॉल पलीकडे टोचून यायची,
पडल्यावर समोरच्यांना कळायचं.
आजच्या कोचने तिला पळवूनच नेली असती.
लग्न डिसेंबरात ठरलं, झोनच्या मॅचेस जानेवारीत होत्या.

आणि वेडू.
वेडू सोनवणे, तापीच्या त्या काठचा, अमळनेरकडचा.
बुटका. बॉल जाळीच्या वर हातभर, बस्स.
मी चार नंबरवर मारायचो, तेव्हा बरा उडायचो.
तिसरं पाऊल टाकायच्या आत
बॉल माझ्या जागेवर येऊन गेलेला असायचा.
मी हवेत हात मारायचो आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यापर्यंत हसू जायचं.

"तू आधी उड ना भो," तो म्हणायचा,
"मी लई येसू तठे."

बॉल नसताना कोण उडी घेतं?
मी सरांना सांगितलं, वेडू घाई करतो.
भुसावळच्या सेमीफायनलला सरांनी त्याला बाहेर ठेवलं.
तो बाकावर बसला नाही,
हापशावरून बादल्या आणत राहिला,
प्रत्येक टाइमआउटला पहिला ग्लास मला.
पंधरा-सहाने गेलो. की सात असतील.

आत्ता समोर एक पोरगा, अकरावीतला असेल,
सेटरच्या हातात बॉल पोचलाही नाही आणि हा हवेत,
कोपर मागे ओढलेलं,
तोंड थोडं उघडं.
आणि बॉल येतो.
परत येतो. दहापैकी आठ वेळा येतो.
जे दोन चुकले त्यांचं कुणी कुणाला सांगायला जात नाही.

कोच शेजारी येऊन टेकला. म्हणाला,
काका, तुमच्या जुन्यांपैकी आज कोण चाललं असतं हो?
मी म्हणालो, गुलशेर.
पोट सोडलं तर गुलशेर.

मग सायकल काढली. मागच्या चाकात हवा नव्हती.
यावल रस्त्यापर्यंत हातानेच नेली.